गळकी जलवाहिनी आणि सुरक्षित दुरुस्ती : एक श्रमपाठ

निवासी शाळेची इमारत उभी राहते तेव्हा भिंती आणि छप्पर सर्वांना दिसतात. मात्र त्या भिंतींच्या आत आणि अंगणाच्या मातीखाली पसरलेले नळांचे जाळे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. कूपनलिकेपासून गच्चीवरील टाकीपर्यंत, टाकीपासून स्वयंपाकघर, स्नानगृहे व शौचालये यांपर्यंत आणि तेथून मैलाटाकीपर्यंत पाण्याचा जो अखंड प्रवास चालतो, त्यावर वसतिगृहातील प्रत्येक मुलाचे आरोग्य अवलंबून असते. या जाळ्याची आठवण आपल्याला बहुधा एकाच प्रसंगी होते : कोठेतरी पाणी गळू लागते तेव्हा. मग धावपळ होते, जो जवळ असेल त्याला हाक मारली जाते, जे हत्यार हाती लागेल त्याने काम उरकले जाते आणि गळती थांबली की विषय संपतो.

प्रस्तुत लेखाचा उद्देश गळती कशी बंद करावी हे शिकविण्याचा नाही. ते कौशल्य जाणत्या नळकारागिराच्या हाताखाली राहूनच शिकावे लागते. उद्देश एवढाच की, हे काम करताना कोणाचा जीव धोक्यात येऊ नये आणि दुरुस्तीनंतर नळातून येणारे पाणी आधीपेक्षा अधिक दूषित होऊ नये, यासाठी कामाचा क्रम कसा असावा, हे विद्यार्थ्यांनी व व्यवस्थापनाने समजून घ्यावे.

इतिहासाच्या शिक्षकाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, सुरक्षिततेचे बहुतेक नियम हे कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिले गेले आहेत. म्हणून नियम समजण्यासाठी त्यामागची घटना माहीत असावी लागते. दुसरे उत्तर आपल्या अधिक जवळचे आहे. पाण्याजवळ कोणी जावे आणि मैल्यात कोणी उतरावे, हे आपल्या समाजात शतकानुशतके ज्ञानाने नव्हे, तर जन्माने ठरविले गेले. त्यामुळे या कामातील धोक्यांचा शास्त्रशुद्ध विचार करण्याची गरजच वरच्या समाजाला वाटली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याकडे मजुरांच्या प्रश्नांबरोबरच पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. गळक्या नळाच्या साध्या दुरुस्तीतदेखील हेच तीन विषय एकत्र येतात : पाणी, वीज आणि श्रम करणारा माणूस. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य व मानवी असावी, यासाठी राज्याने तरतूद करावी असे म्हटले आहे. ‘मानवी परिस्थिती’ हा शब्दप्रयोग खड्ड्याच्या काठावर उभे राहून वाचला, म्हणजे त्याचा अर्थ स्पष्ट होतो.

१. गळती ओळखणे आणि मोजणे

टाकी जितकी उंच तितका नळातील पाण्याचा दाब अधिक. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. हा दाब रात्रंदिवस प्रत्येक सांध्यावर असतो. लोखंडी नळाचे आटे गंजतात, तोटीतील वॉशर झिजतो, उन्हात राहिलेला प्लॅस्टिकचा पाइप ठिसूळ होतो, जमीन खचली की सांधा वाकतो, झाडाची मुळे फटीत शिरतात. पाणी वाहत असताना तोटी किंवा व्हॉल्व्ह झटक्याने बंद केल्यास नळात जो धक्का बसतो, त्यानेही जुने सांधे सैल होतात.

गळती दिसत असेल तर ती मोजता येते. गळणाऱ्या तोटीखाली मोजपात्र ठेवावे आणि पंधरा मिनिटांत जमलेले पाणी ९६ ने गुणावे, म्हणजे दिवसाचा हिशेब मिळतो. पंधरा मिनिटांत पाव लिटर पाणी जमले, तर दिवसाला २४ लिटर वाया जाते. गळती जमिनीखाली असेल, तर रात्री सर्व तोट्या बंद झाल्यावर टाकीतील पातळीवर खूण करावी व पहाटे पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावे. कोणी पाणी वापरलेले नसताना पातळी उतरली असेल, तर जाळ्यात कोठेतरी चोरवाट आहे.

परंतु वाया जाणारे पाणी हे गळतीचे लहान नुकसान आहे. मोठे नुकसान उलट दिशेने होते. ज्या फटीतून दाब असताना पाणी बाहेर पडते, त्याच फटीतून दाब नाहीसा झाल्यावर बाहेरचे घाण पाणी आत येऊ शकते. आपल्या गावांत व शहरांत नळाला दिवसातून ठरावीक वेळीच पाणी येते. उरलेल्या वेळी रिकामा नळ आजूबाजूच्या ओल्या मातीतील पाणी शोषून घेतो आणि ते आपल्या पेल्यापर्यंत आणून सोडतो. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणूनच पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून शक्यतो तीन मीटर दूर आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर टाकावी, असा अभियांत्रिकीचा संकेत आहे.

२. हत्याराला हात लावण्यापूर्वी

दुरुस्तीचा पहिला टप्पा विचारांचा आहे. चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज पान्याला हात लावू नये. ही वाहिनी कशाची : पिण्याच्या पाण्याची, गरम पाण्याची की सांडपाण्याची? तिचे पाणी कोठे बंद होते? तिच्याजवळून विजेची तार किंवा मोटार कोठे जाते? आणि हे काम आपल्या कुवतीचे आहे की त्यासाठी जाणकार बोलवावा लागेल?

त्यानंतर व्हॉल्व्ह बंद करावा. जुना व्हॉल्व्ह फिरतो. पण पूर्ण बसतोच असे नाही. म्हणून सर्वांत खालची तोटी उघडून नळातील उरलेले पाणी व दाब काढून टाकावा आणि धार खरोखर थांबली याची खात्री करावी. मग व्हॉल्व्हवर ‘काम चालू आहे, उघडू नये’ अशी पाटी बांधावी. वसतिगृहात ही पाटी विशेष आवश्यक ठरते. आंघोळीसाठी खोळंबलेला एखादा मुलगा पाणी का येत नाही म्हणून सहज व्हॉल्व्ह फिरवितो, आणि खाली सांधा उघडून बसलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी येते. ते सौर बंबाचे पाणी असेल, तर प्रकरण केवळ भिजण्यावर थांबत नाही. दुपारी ते पाणी अंग भाजण्याइतके तापलेले असते. गरम पाण्याच्या वाहिनीचे काम भल्या पहाटे, पाणी निवल्यावर करावे. कोणी भाजलेच तर त्या जागी निदान वीस मिनिटे थंड पाण्याची संथ धार सोडावी. तूप, हळद किंवा दंतमंजन लावू नये.

३. पाणी आणि वीज

पाण्याच्या दुरुस्तीत सर्वांत जलद जीव घेणारा शत्रू वीज आहे. कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. ओल्या त्वचेचा अडथळा फार कमी होतो. त्यातून माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असेल आणि हातात लोखंडी नळ असेल, तर २३० व्होल्टचा घरगुती प्रवाहही प्राणघातक ठरतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे मोटार बंद आहे, यावर विसंबू नये. टाकीतील पाणी उतरले की आपोआप सुरू होणारे स्टार्टर आता सर्वत्र आहेत. बंद असलेली मोटार कोणीही बटण न दाबता चालू होते. म्हणून मुख्य खटका पाडून फ्यूज काढून घ्यावा, पेटीला कुलूप लावावे आणि ज्याचा हात पाण्यात आहे त्याच्याच खिशात किल्ली असावी. दुसरी गोष्ट जुन्या इमारतींची. अशा काही इमारतींत लोखंडी नळालाच अर्थिंगची तार जोडलेली आढळते. कोठे वायरिंगमध्ये दोष असेल, तर नळ कापताक्षणी त्याच्या एका टोकात वीज उतरू शकते. अशी तार दिसली की काम थांबवून प्रथम वीजतंत्रज्ञाला बोलवावे. तिसरी गोष्ट उपकरणांची. ओल्या जागी विजेवर चालणारे ड्रिल किंवा कटर वापरण्याऐवजी हातकरवत वापरावी आणि उजेडासाठी लोंबत्या बल्बऐवजी बॅटरी घ्यावी. स्नानगृहे व पंपघर यांच्या वीजजोडणीवर ३० मिलीअँपिअरच्या गळतीला तुटणारे सुरक्षा-खटके बसविणे हा खर्च नव्हे. तो विमा आहे.

कोणाला विजेचा धक्का बसला तर त्याला हाताने ओढू नये; ओढणाराही त्याच प्रवाहात सापडतो. आधी मुख्य खटका पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. खड्डा आणि शिडी

जमिनीखालच्या गळतीसाठी खणावे लागते, आणि खड्डा हा फसवा असतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. म्हणजे एका मोटारगाडीइतके ओझे माणसाच्या बाजूला उभे असते. त्यातही गळतीच्या जागेची माती दिवसेंदिवस भिजून सैल झालेली असते; मराठवाडा-विदर्भातील काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की तडकते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस, त्याचे डोके उघडे असले तरी, मातीच्या दाबामुळे श्वास घेऊ शकत नाही.

म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा किंवा बाजू उतरत्या कराव्यात. माती सैल असेल, तर याहून उथळ चरातही हीच काळजी घ्यावी. काढलेली माती काठावर रचू नये. ती निदान एक मीटर दूर टाकावी. खाली माणूस असताना वर एक माणूस सतत उभा असावा आणि चरात उतरण्या-चढण्यासाठी शिडी असावी. विजेची तार कोठून गेली आहे हे ठाऊक नसेल, तेथे पहार जोराने मारू नये. फावड्याने थराथराने माती काढावी. सायंकाळपर्यंत काम संपले नाही, तर खड्डा भक्कम फळ्यांनी झाकून त्याभोवती दोरी बांधावी व जवळ दिवा ठेवावा. रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या लहान मुलाला दिवसा कोठे खणले होते, हे आठवत नाही.

टाकीजवळची गळती उंचावर असते. शिडी भिंतीला टेकविताना चार मीटर उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर असावा. खाली एकाने ती धरावी आणि चढणाऱ्याने दोन्ही हातांत हत्यारे घेऊ नयेत. ती कमरेच्या पिशवीत किंवा दोरीने वर न्यावीत.

५. कापणे आणि सांधणे

नळ कापताना लोखंडाचा कीस डोळ्यांत उडतो. म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. प्लॅस्टिकचे पाइप जोडण्यासाठी जो चिकटद्रव वापरतात, त्याची वाफ ज्वालाग्राही असते आणि बंद खोलीत तिने चक्कर येते. दारे-खिडक्या उघडून, विडी-काडी दूर ठेवून हे काम करावे. उष्णतेने जोडावयाच्या पाइपांसाठी वापरले जाणारे यंत्र सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ते बंद केल्यानंतरही बराच वेळ कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवावे.

जुन्या वाहिन्यांत राखाडी रंगाचे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप आढळतात. ते कोरडे कापले किंवा यंत्राने घासले, तर त्यातील सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे दुष्परिणाम, कर्करोगासह, अनेक वर्षांनी प्रकट होतात. असा पाइप हाती लागला तर तो फोडू नये. त्याच्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडूनच तो बदलून घ्यावा.

काम झाल्यावर व्हॉल्व्ह एकदम उघडू नये. थोडा उघडून नळातील हवा जाऊ द्यावी, सांधा पाहावा, मगच पूर्ण दाब द्यावा.

६. १९३७ : दोन घटना, एक प्रश्न

येथवर आपण काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार केला. आता पाणी पिणाऱ्याचा विचार करू. त्यासाठी एकाच वर्षातील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. अस्पृश्य मानलेल्या माणसांनी ओंजळीने पाणी घेतले म्हणून तळे ‘बाटले’ असे ठरवून सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. पुढे हा वाद न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. त्या तळ्यापासून कोणाला दूर ठेवण्याचा अनादि काळापासूनचा हक्क प्रतिवादींच्या विरोधकांना सिद्ध करता आला नाही.

त्याच वर्षीच्या अखेरीस लंडनजवळील क्रॉयडन या शहरात विषमज्वराची साथ पसरली. ३४१ जणांना लागण झाली आणि ४३ जण मरण पावले. चौकशीत जे निष्पन्न झाले ते आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. शहराला पाणी पुरविणाऱ्या एका विहिरीत बांधकाम-दुरुस्तीचे काम चालू होते. त्या काळात पाणी गाळण्याची व त्यात क्लोरीन मिसळण्याची क्रिया बंद होती. तरीही त्या विहिरीचे पाणी शहराला जात राहिले. काम करणाऱ्यांपैकी एकाच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. तो आजारी दिसत नव्हता आणि आपण जंतुवाहक आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. दोष त्या कामगाराचा नव्हता. काम काढणाऱ्यांनी आरोग्याची जबाबदारी असलेल्यांशी नीट संपर्क ठेवला नाही आणि दुरुस्ती चालू असताना पाणी चालू ठेवले, हा खरा दोष होता.

पाणी कशाने बाटते, हा या दोन घटनांमागचा एकच प्रश्न आहे. पाणी माणसाच्या जातीने बाटत नाही. ते मैल्यातील जंतूंनी बाटते. घागरी ओतून ते शुद्ध होत नाही. ते गाळल्याने, उकळल्याने आणि योग्य मात्रेत क्लोरीन दिल्याने शुद्ध होते. ज्या समाजाने पहिल्या भ्रमावर एवढी शक्ती खर्च केली, त्याने दुसऱ्या सत्याकडे दुर्लक्ष करावे, याहून मोठी हानी कोणती?

म्हणून पिण्याच्या वाहिनीच्या दुरुस्तीचे नियम असे आहेत. काम करणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. जुलाब किंवा ताप असलेल्या माणसाने त्या दिवशी हे काम करू नये आणि त्यामुळे त्याची मजुरी कापली जाऊ नये. मजुरी बुडण्याच्या भीतीने माणूस आजार लपवितो आणि त्याची किंमत सर्वांना मोजावी लागते. खड्ड्यातील पाणी सांध्याच्या खालच्या पातळीवर उपसून ठेवावे, नळाची उघडी तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. दुरुस्तीनंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे. टाकी उघडली असेल, तर ती धुऊन, भरून, दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल एवढी विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) मिसळावी. ताज्या चूर्णात साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला सुमारे १५० ग्रॅम चूर्ण लागते. हे पाणी शक्यतो २४ तास ठेवून पूर्ण सोडून द्यावे. ते पिण्यास वापरू नये. त्यानंतरच्या नेहमीच्या पाण्यात तोटीजवळ लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, हे साध्या तपासणी-संचाने पाहावे. एक इशारा विसरू नये : विरंजक चूर्ण आणि शौचालय धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

७. मैलाटाकी : जेथे उतरावयाचेच नाही

शौचालयाची वाहिनी गळू लागली किंवा तुंबली की दृष्टी मैलाटाकीकडे वळते. येथे नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही : माणसाने आत उतरावयाचे नाही.

मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू तयार होतात. पहिल्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. वास थांबला, म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते आणि नेमक्या त्याच क्षणी धोका सर्वाधिक असतो. मिथेन पेट घेतो; म्हणून झाकण उघडून आत जळती काडी किंवा मेणबत्ती सोडण्याची जुनी रीत ही परीक्षा नसून स्फोटाला आमंत्रण आहे. शिवाय हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंद टाकीत तो घटलेला असतो आणि माणूस दोन-चार श्वासांत शुद्ध हरपतो.

लंडनमधील पोस्टमन्स पार्क या बागेत सामान्य माणसांच्या बलिदानाच्या स्मृतिफलकांची एक भिंत आहे. त्यातील एका फलकावर फ्रेडरिक मिल्स, ए. रटर, रॉबर्ट ड्युरंट आणि एफ. डी. जोन्स ही चार नावे आहेत. ईस्ट हॅम येथील सांडपाण्याच्या उपसाकेंद्रात १ जुलै १८९५ रोजी आपल्या एका सहकाऱ्याला वाचविण्याच्या प्रयत्नात हे चौघे मृत्युमुखी पडले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या देशातील वृत्तपत्रांत हीच बातमी वारंवार येते : एक उतरला, तो वर आला नाही; त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा. फरक एवढाच की, आपल्याकडे मृतांची नावे फलकावर कोरली जात नाहीत आणि ती नावे बहुतेक वेळा त्याच त्या वस्त्यांमधली असतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन करणारा २०१३ चा अधिनियम कोणालाही गटार किंवा मैलाटाकीच्या धोकादायक सफाईसाठी कामास लावण्यास मनाई करतो. मनाई मोडल्यास पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यानंतरच्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. ‘मी त्याला उतर म्हटले नव्हते, तोच उतरला’ हे समर्थन पुरेसे नाही. काम सांगणाऱ्याने, मग तो घरमालक असो, ठेकेदार असो वा शाळेचा चालक असो, यंत्राची व्यवस्था आधी करावयाची आहे. मैला उपसणारी गाडी बोलवावी, तुंबलेली वाहिनी वरूनच लांब गजाने किंवा पाण्याच्या दाबाने मोकळी करावी आणि झाकण उघडे असताना मुलांना दूर ठेवावे. कोणी आत पडलाच, तर मागोमाग उडी न घेता मदत बोलवावी; ११२ व १०८ हे क्रमांक पंपघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

येथे विनयपिटकातील एका गोष्टीचे स्मरण होते. चुल्लवग्गात शौचकुटीविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत : ती अस्वच्छ दिसली तर भिक्खूने स्वतः झाडावी, पाण्याचे भांडे रिते असेल तर स्वतः भरावे. स्वच्छता ही वापरणाऱ्याची जबाबदारी, हे तत्त्व त्यात आहे. ती विशिष्ट कुळात जन्मलेल्याची जबाबदारी आहे, असे त्यात कोठेही नाही.

८. नोंदवही आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

निवासी शाळेत एक दुरुस्ती-नोंदवही असावी. तिच्यात गळती केव्हा व कोणी पाहिली, वाहिनी कोणती, व्हॉल्व्ह कोणी बंद केला, वीज कोणी तोडली, काम कोणी केले, वर कोण उभे होते, दुरुस्तीनंतर पाणी कोणी तपासले, हे रकाने असावेत. प्रत्येक रकान्यापुढे सही असावी. सही करताना माणूस थांबतो, आणि थांबणे हाच सुरक्षिततेचा प्रारंभ आहे. तिच्या शेजारीच इमारतीचा नळ-नकाशा लावावा. त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह, मोटारीचा खटका आणि मैलाटाकीचे झाकण दाखवावे. नळ बसविणारा कारागीर वृद्ध होतो, शिपाई निवृत्त होतो. नकाशा मात्र राहतो.

या वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहावे, असे मला सुचवावेसे वाटते : ‘काम धोक्याचे वाटल्यास काम करणारा ते थांबवील आणि त्याला कोणी जाब विचारणार नाही.’ बाकीचे सर्व नियम या वाक्यावर उभे आहेत. खड्ड्याची बाजू हलते आहे, हे खाली असलेल्यालाच आधी कळते. नळात झिणझिणी येते, हे धरणाऱ्यालाच जाणवते. पण ज्याची रोजी त्याच संध्याकाळच्या पैशांवर आहे, तो ‘नाही’ म्हणत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येईल अशी व्यवस्था करणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला नावाने हाक मारावी, ‘अहो’ म्हणावे, हातमोजे, गमबूट व चष्मा आपण पुरवावेत, धनुर्वाताची लस टोचली आहे का ते विचारावे, काम संपल्यावर आंघोळीला साबण व स्वच्छ पाणी द्यावे आणि आपण ज्या पेल्यातून पितो त्याच पेल्यातून चहा द्यावा. यातील कोणतीही गोष्ट उपकार नाही.

विद्यार्थ्यांनी स्वतः नळ उघडू नयेत, खड्ड्यात उतरू नये, मोटारीला हात लावू नये. त्यांचे काम पाहण्याचे, मोजण्याचे, नोंदविण्याचे आणि पाटी लावलेल्या व्हॉल्व्हजवळ पहारा ठेवण्याचे आहे. उद्या त्यांच्यातून कोणी अभियंता होईल, कोणी नगरपरिषदेत बसेल, कोणी कारागीर होईल. जो कोणी काम सांगेल आणि जो कोणी काम करील, त्या दोघांनाही हा क्रम पाठ असावा.

स्वाध्याय

१. आपल्या वसतिगृहातील एका गळक्या तोटीखाली पंधरा मिनिटे मोजपात्र ठेवा. दिवसाला, महिन्याला व वर्षाला किती पाणी वाया जाते, ते काढा.

२. शिक्षकांबरोबर फिरून इमारतीचा नळ-नकाशा तयार करा. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या भागाचे पाणी बंद करतो, हे त्यावर लिहा.

३. आपल्या शाळेच्या टाकीची लांबी, रुंदी व पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून तिच्यात किती लिटर पाणी मावते ते काढा. तिच्या निर्जंतुकीकरणास किती ग्रॅम विरंजक चूर्ण लागेल?

४. क्रॉयडन येथे कोणत्या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या? त्यांपैकी एक जरी टळली असती, तर काय झाले असते, यावर गटात चर्चा करा.

५. आपल्या गावात नळदुरुस्ती करणाऱ्या एखाद्या कारागिराला भेटा. त्यांनी पाहिलेला धोक्याचा प्रसंग आणि त्यावरून ते शिकलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा आणि मगच वहीत उतरवा.